परदेशातले एक सत्र

पुण्याच्या बिबवेवाडीतील विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या महाविद्यालयातला विद्यार्थी पदवी इथलीच ठेवून एक सत्र बर्लिनला काढायचे ठरवतो, तेव्हा खरी मेख श्रेयांकांत असते. युरोपात सत्राला ३० श्रेयांक धरतात. एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचा अभ्यास. आपले गणित निराळे. म्हणून कोणत्या विषयाच्या बदल्यात कोणता विषय, हे दोन्ही संस्थांच्या सह्यांनिशी आधीच कागदावर आणावे लागते. परतल्यावर घोळ निस्तरणे जड जाते. देवाणघेवाणीचा करार असेल तर शुल्क सहसा इथेच भरायचे.

वेळापत्रकही जुळत नाही. जर्मनीतील हिवाळी सत्राची व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत चालतात, त्यामुळे पुण्यातल्या पुढच्या सत्राचे सुरुवातीचे आठवडे बुडतात.

शिष्यवृत्ती किंवा हमीपत्र नसेल तर व्हिसासाठी दरमहा ९९२ युरोप्रमाणे (सप्टेंबर २०२४ पासूनचा दर) रक्कम गोठवलेल्या खात्यात आगाऊ ठेवावी लागते. बर्लिनमध्ये राहायला गेल्यावर १४ दिवसांत पत्त्याची सरकारी नोंदणी करायची असते. तिला घर देणाऱ्याचे सहीचे पत्र लागते, आणि तात्पुरती खोली देणारे नेमके तेच द्यायला का-कू करतात. भाडे ठरवतानाच ते मागून घेतलेले बरे.