कापड चढण्याआधी

जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या किंवा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात दर्शनी भागात तयार सोफे झळकत असतात. सोफा करून घ्यायचा असेल, तर मात्र कारखान्यात जावं. तिथे लाकडी सांगाडे उघडे पडलेले असतात, फोमचा चुरा उडत असतो आणि हवेच्या दाबावर चालणारी पिनांची गन सारखी खटखटत असते. सोफा किती वर्षं टिकणार ते इथे ठरतं. कापड चढलं की आतलं काही दिसत नाही. म्हणून ऑर्डर देतानाच बजावावं: सांगाडा झाला की कळवा, बघायला येतो.

सांगाडा सागवानी असेल तर उत्तमच, पण झाकल्या जाणाऱ्या भागाला पाइन किंवा जाड प्लायवूडही चालतं. लाकूड पुरतं वाळलेलं मात्र हवं. ओलं लाकूड पुढे आकसतं, सांधे ढिले होतात आणि बसलं की सोफा करकरतो. कोपऱ्यांत तिरके ठोकळे सरस लावून स्क्रूने आवळलेत का, ते पाहावं. नुसत्या पिनांवर जोडलेला सांगाडा घेऊ नये. पुढचा एक पाय वीतभर उचलून बघा. दुसरा पुढचा पाय जमिनीलाच चिकटून राहिला, तर सांगाडा पिळतोय. कोकणात राहणाऱ्यांनी वाळवीचं औषधही याच वेळी मारून घ्यावं.

बैठकीखाली नागमोडी स्प्रिंगा किंवा ताणलेले इलॅस्टिक पट्टे असतात, त्यावर फोम. पूर्वी इथे सुतळीने बांधलेल्या गोल स्प्रिंगा, काथ्या आणि कापूस असे. 1937 साली जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेन शोधून काढलं आणि पुढे त्याच्या फोमने काथ्याची जागा घेतली. दुकानदार ‘40 डेन्सिटी’ म्हणतो, म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन 40 किलो. हा आकडा ताडून बघता येतो. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि पाच इंच जाड तुकडा 40चा असेल तर वजन 1.9 किलोच्या आसपास भरतं. 28चा असेल तर जेमतेम 1.3 किलो. साधा वजनकाटा पुरतो. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, हेही लक्षात असू द्या. जास्त डेन्सिटीचा फोम मऊसुद्धा मिळतो, आणि तो लवकर बसत नाही.

मापं भिंतीची सगळेच घेतात, माणसांची कोणी घेत नाही. मला हीच खरी उणीव वाटते, कारण बेतून घेण्याचा सगळा फायदा इथेच आहे. बैठक साधारण 17-18 इंच उंच करतात. गुडघे दुखणाऱ्या आजींना त्यातून उठताना हात धरावा लागतो. दीड-दोन इंच उंची वाढवली तर त्या आपल्या आपण उठतात. मात्र उंची मोजायची ती माणूस बसल्यावर, कारण फोम दबतो. बैठक फार खोल झाली तर बुटक्या माणसाची पाठ टेकत नाही, टेकली तर पाय लोंबकळतात. सोफा घरात न्यायचा असतो, म्हणून लिफ्टचं आणि जिन्याच्या वळणाचं मापही या मापांसोबत लिहून ठेवा.

कापड बहुधा 54 इंच पन्ह्याचं असतं. मखमलीची लव सगळ्या तुकड्यांवर एकाच दिशेने यायला हवी, नाहीतर एकच रंग दोन दिसतो. त्यासाठी कापड थोडं जास्त लागतं, तिथे काटकसर नको. गाद्यांच्या खोळींना चेन लावून घ्या. त्याच ताग्यातलं मीटरभर कापड जादा घेऊन ठेवा, कारण पुढे एखादी खोळ फाटली तर नेमकी तीच छटा मिळेलच असं नाही.