सुखाची शिडी आणि सूरजागडचा डोंगर

दरवर्षी मार्च महिन्यात, आंतरराष्ट्रीय आनंद दिनाच्या सुमारास, जगातील देशांच्या सुखाचा अहवाल प्रसिद्ध होतो. पहिला अहवाल २०१२ साली निघाला. आपली वर्तमानपत्रे त्यातला भारताचा क्रमांक छापतात, आपण तो वाचून जरा हळहळतो आणि पान उलटतो. २०२५ च्या यादीत १४७ देशांमध्ये आपण ११८ वे होतो. हा क्रमांक काढतात कसा, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. पद्धत सोपी आहे. निवडलेल्या माणसांना एका शिडीची कल्पना करायला सांगतात. सर्वांत खालची पायरी शून्य, सर्वांत वरची दहा. वर तुम्हाला शक्य वाटणारे सर्वांत चांगले आयुष्य, खाली सर्वांत वाईट. मग विचारतात, आज तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात? या उत्तरांच्या सरासरीवरून देशाचा क्रमांक ठरतो.

मी समाजशास्त्राचा विद्यार्थी आहे, गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीचा. वर्गात ही शिडी शिकताना माझ्या मनात एक साधा प्रश्न आला. आमच्या तालुक्यात, सूरजागडच्या पायथ्याशी कोणी हा प्रश्न विचारायला गेले, तर ते कोणत्या भाषेत विचारतील? आणि माणसाने मनापासून दिलेले उत्तर त्यांना कळेल का? अनेक संस्कृतींनी एकत्र नांदणे आणि माणसाचे सुख यांचा संबंध मला याच प्रश्नात दिसतो.

सूरजागड हे नाव अलीकडे बहुतेकांनी ऐकले आहे ते लोहखनिजामुळे. येथे २००७ साली लॉइड्स मेटल्स या कंपनीला सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तेथली सत्तरहून अधिक वाहने जाळली, काम थांबले आणि २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. पण खाणीच्या कितीतरी आधीपासून हा डोंगर माडिया गोंडांचा आहे, कारण तो ठाकूरदेवाचा डोंगर आहे. जानेवारीत येथे यात्रा भरते आणि आसपासच्या गावांतून, शेजारच्या छत्तीसगडमधूनही माणसे येतात. म्हणजे डोंगर एकच, पण त्याच्याकडे पाहणाऱ्या नजरा दोन. एकीला त्यात लोखंड दिसते, दुसरीला देव.

आता आमच्या जिल्ह्याच्या भाषा पाहा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत, त्यात आदिवासी सुमारे ३९ टक्के. मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी आणि हिंदी अशा सात भाषा येथे रोज बोलल्या जातात. दक्षिणेला सिरोंच्याकडे गोदावरी ओलांडली की तेलंगण. कोरचीकडे छत्तीसगढीचा वावर. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची गावे वसवली गेली. तेथे आजही घरात बंगाली चालते आणि दुर्गापूजा होते.

माझी आजी सिरोंच्याकडची, तेलुगू बोलणारी. लग्न होऊन एटापल्लीला आली तेव्हा तिला ना मराठी येत होती ना माडिया. उन्हाळ्यात तेंदूपाने तोडायला बाया जात, सत्तर पानांचा एक पुडा बांधत आणि फळीवर पुडे मोजून देत. तेथे माडिया बायांची मोजणी ऐकून आजी चकित झाली. त्या दोनाला रंड म्हणत, ती रेंडु. त्या तिनाला मूंड म्हणत, ती मूडु. त्यांचे चार नालुंग, हिचे नालुगु. भाषाशास्त्र याचे कारण सांगते. गोंडी आणि तेलुगू या दोन्ही द्राविड कुळातल्या, एकमेकींच्या जवळच्या नातलग. मराठी वेगळ्या कुळातली. आजीला हे शास्त्र ठाऊक नव्हते. तिला एवढेच कळले की परक्या गावात आपल्या ओळखीचे काही आहे. माणसे एकमेकांजवळ येतात ती बहुधा अशा लहान वाटेनेच.

अशा समाजाला पुस्तकात ‘बहुसांस्कृतिक’ म्हणतात. हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि त्यांची गल्लत होते. पहिला अर्थ वस्तुस्थितीचा. एका प्रदेशात अनेक भाषा, देव आणि रीतिरिवाज असणे. या अर्थाने भारत शतकानुशतके बहुसांस्कृतिक आहे. दुसरा अर्थ धोरणाचा. ही विविधता राज्याने मान्य करायची आणि तिच्यामुळे कोणाचे नुकसान होणार नाही हे पाहायचे. कॅनडाने १९७१ साली असे धोरण जाहीर केले आणि १९८८ साली त्याचा कायदा केला. आपल्या राज्यघटनेतही त्याची बीजे आहेत. अनुच्छेद २९ प्रत्येक समूहाला आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्याचा हक्क देतो. १९५६ साली आलेला अनुच्छेद ३५०-क सांगतो की, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करण्याचा प्रयत्न करावा.

वस्तुस्थिती आणि धोरण यांत किती अंतर आहे, हे आमच्याकडे दोन ठिकाणी उभे राहिले की दिसते. एक दुकान, दुसरे कचेरी. माझ्या वडिलांचे किराणा दुकान आहे. घरची भाषा मराठी, पण ते माडिया सफाईने बोलतात. कोणी शिकवली नाही. गिऱ्हाईक हवे होते, म्हणून शिकले. आठवडी बाजारात तेल, मीठ, मोहफूल आणि कोंबड्यांचे व्यवहार तीन-चार भाषांच्या मिसळीत होतात आणि कोणाचे काही अडत नाही. तोच माडिया माणूस दाखल्यासाठी कचेरीत गेला की चित्र उलटते. तेथे गरज त्याला असते, म्हणून भाषा त्याने शिकायची. टेबलापलीकडच्या माणसाची एका भाषेवर नोकरी निभावते. कोण कोणाची भाषा शिकतो, यावरून गरज कोणाची आणि अधिकार कोणाचा, हे ओळखता येते. जंगलातला मुलगा दहावीपर्यंत माडिया, मराठी, हिंदी आणि थोडी इंग्रजी शिकतो. तरी तो ‘भाषेत कच्चा’ ठरतो, कारण त्याची पहिली भाषा गुणपत्रिकेत नसतेच.

याचा सुखाशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्यासाठी थोडा वेळ भूतानला जाऊ. देशाची प्रगती उत्पन्नाऐवजी आनंदाने मोजावी, हा विचार भूतानच्या राजाने १९७० च्या दशकात मांडला आणि २००८ च्या त्यांच्या राज्यघटनेत त्याला स्थान मिळाले. त्यांच्या मोजणीत संस्कृती जपण्यालाही महत्त्व आहे. पण याच देशाने १९८९ मध्ये सर्वांसाठी एकच पेहराव सक्तीचा केला आणि त्याच सुमारास दक्षिणेकडच्या नेपाळीभाषक प्रजेची भाषा शाळांतून काढली. पुढच्या काही वर्षांत सुमारे एक लाख नेपाळीभाषकांना देश सोडावा लागला. ते पूर्व नेपाळच्या छावण्यांत राहिले आणि २००७ नंतर त्यांतले बहुतेक अमेरिकेत व इतर देशांत वसवले गेले. जे हाकलले गेले, त्यांचे दुःख भूतानच्या सरासरीत कधी आलेच नाही. सरासरीचा हा मोठा दोष आहे. मोजणीच्या बाहेर राहिलेला माणूस ती कमी करत नाही.

म्हणून सुखाची व्याख्या करताना मी एक गोष्ट जोडू इच्छितो. पोटभर अन्न, औषध, छप्पर हे तर हवेच. पण आपले म्हणणे आपल्या शब्दांत मांडता येणे आणि समोरच्याने ते समजून घेणे, हाही सुखाचा भाग आहे. पाठीत कुठे आणि कशी कळ येते, हे डॉक्टरला सांगता न येणारी बाई शिडीच्या कोणत्या पायरीवर असेल?

याचा अर्थ जंगलातले जीवन म्हणजे निर्भेळ आनंद, असे मला म्हणायचे नाही. शहरातून येणारे पाहुणे रेला नाच पाहून ‘ही माणसे किती सुखी’ असे म्हणतात, तेव्हा आम्हाला संकोच वाटतो. राज्यातले हिवतापाचे सर्वाधिक रुग्ण अनेक वर्षे आमच्याच जिल्ह्यात सापडत आले आहेत. पावसाळ्यात नाले भरले की आजाऱ्याला खाटेवर घालून न्यावे लागते. १ जानेवारी २०२५ रोजी अहेरीहून गर्देवाड्यापर्यंत एसटी सुरू झाली. तिकडच्या गावांना ही सोय पहिल्यांदाच मिळाली. रस्ता, एसटी, दवाखाना आणि रोजगार यांची वाट आम्हीही पाहतो.

पण माडिया समाजाने सुखाविषयी जो विचार केला आहे, तो शिकण्यासारखा आहे. मरका म्हणजे आंबा, पंडुम म्हणजे सण. मरका पंडुम होईपर्यंत नवा आंबा कोणी खात नाही. सण गावाने मिळून करायचा, पहिले फळ देवाला आणि पूर्वजांना, मग सर्वांनी एकत्र खायचे. ज्याच्या दारात झाड आहे, त्यालाही हाच नियम. यात जंगलाचे गणित आहे, कारण कोवळे फळ ओरबाडले जात नाही. आणि समाजाचेही आहे, कारण पहिली गोडी कोणा एकट्याची नसते. शिडीवर प्रत्येक जण एकटा उभा असतो. पंडुममध्ये सारे गाव एकाच पायरीवर असते.

आता पुन्हा डोंगराकडे येऊ. खाणीमुळे तरुणांना काम मिळाले, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिला, हे खरे आहे. माझ्या वर्गातल्या काही मित्रांच्या घरी त्यातूनच पगार येतो. दुसरीकडे, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये खाणीची क्षमता वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टन करण्यासाठी जनसुनावणी झाली, ती डोंगराजवळ नव्हे, तर शंभराहून अधिक किलोमीटर दूर गडचिरोलीला. २०२३ साली तोडगट्टा येथे नव्या खाणींना विरोध करत गावकरी अनेक महिने बसून होते. खाण असावी की नसावी, हा निर्णय मी या भाषणात देऊ शकत नाही. पण ज्यांचा देव त्या डोंगरावर आहे, त्यांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ हे आपल्या गावात, आपल्या भाषेत, पुरेसा वेळ घेऊन म्हणावे, एवढे तरी कोणालाही पटावे. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला जे स्थान देतात, त्याचा अर्थ हाच आहे.

हे शक्य आहे का? आमच्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने निर्णय घेण्यासाठी ओळखले जाते. एकाचीही हरकत असेल, तर चर्चा पुढे चालू राहते. २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्याच तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच सुरू केली. तिच्या मान्यतेचा प्रश्न पुढे न्यायालयापर्यंत गेला. २०११ च्या जनगणनेत देशभरात २९ लाखांहून अधिक लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा सांगितली होती. तरीही घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही.

मला वाटते, सुरुवात मोठ्या घोषणांनी करायची गरज नाही. एटापल्ली किंवा भामरागडला बदली होऊन येणारा शिक्षक, परिचारिका, तलाठी आणि पोलीस यांनी पहिल्या सहा महिन्यांत कामापुरती माडिया शिकावी. जो शिकेल, त्याची नोंद सेवापुस्तकात व्हावी. पहिली-दुसरीच्या वर्गात मुलाच्या भाषेतली पुस्तके असावीत. जनसुनावणी गावात व्हावी आणि तिचे कागद गावाच्या भाषेत वाचून दाखवले जावेत. यासाठी फार पैसा लागत नाही. माझ्या वडिलांनी गिऱ्हाइकासाठी जे केले, ते सरकारने नागरिकासाठी करायचे आहे. तसे झाले तर उद्या कोणी सुखाची शिडी घेऊन सूरजागडच्या पायथ्याशी आले, तेव्हा त्यांना निदान खरे उत्तर ऐकायला मिळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)