ओझरचे विमानतळ आणि एकोणीस आसनांचे विमान

नाशिकजवळच्या ओझरची धावपट्टी मुळात प्रवाशांसाठी नव्हे, तर १९६४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या मिग विमानांच्या कारखान्यासाठी तयार झाली, आणि प्रवाशांसाठी स्वतंत्र टर्मिनल तेथे २०१४ मध्ये, म्हणजे अर्धशतकानंतर, उभे राहिले. या टर्मिनलला नियमित सेवेची आशा दाखवली ती केंद्राच्या ‘उडान’ योजनेने, जिच्यात विमानातील काही जागांचे भाडे तासाभराच्या प्रवासाला सुमारे २५०० रुपये इतके मर्यादित ठेवून कंपनीचा तोटा तीन वर्षे अनुदानाने भरून काढण्याची तरतूद सुरुवातीला होती.

या योजनेखाली २३ डिसेंबर २०१७ रोजी एअर डेक्कनने नाशिक–मुंबई आणि नाशिक–पुणे सेवा सुरू केली. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये स्वस्त विमानप्रवासासाठी काढलेली याच नावाची कंपनी पुढे किंगफिशरमध्ये विलीन झाली होती. आता तेच नाव घेऊन नवी कंपनी बीचक्राफ्ट १९००डी हे जेमतेम एकोणीस आसनांचे, पंख्यांच्या इंजिनांवर चालणारे विमान घेऊन आली.

अडचण मुंबईत होती. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी एकच वापरता येते, त्यामुळे विमान उतरण्या-उडण्यासाठी नेमून दिलेली वेळ, म्हणजेच स्लॉट, मिळणे अवघड असते; आणि दीडशेहून अधिक प्रवाशांचे विमान जेवढा स्लॉट घेते, तेवढाच एकोणीस जणांचेही घेते. सकाळी जाऊन संध्याकाळी परतू पाहणाऱ्या व्यापाऱ्याला सोयीची वेळ मिळाली नाही, तर भाडे कितीही कमी असले तरी त्याचा उपयोग नसतो. शिवाय ओझर हे नाशिक शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, तेही मुंबईच्या उलट दिशेला, त्यामुळे मुंबईला जाणारी पंचवटी एक्सप्रेस ही रेल्वेगाडी आणि महामार्ग यांच्याशी या सेवेची स्पर्धा सुरुवातीपासूनच कठीण होती. कंपनीकडे विमाने मोजकीच असल्याने एखादे नादुरुस्त झाले की सारे वेळापत्रक कोलमडे. २०१८ मध्ये सेवा वारंवार खंडित झाली आणि एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, कंपनीनेच कामकाज थांबवले.

पुण्याचा मार्ग मात्र खऱ्या गरजेचा होता, कारण नाशिक–पुणे थेट लोहमार्ग नसल्याने रेल्वेने जाणाऱ्याला कल्याणचा वळसा घ्यावा लागतो. तरीही पुढे इंडिगो या विमानकंपनीने मार्च २०२३ मध्ये ओझरहून गोवा, अहमदाबाद आणि नागपूर हे लांबचे मार्ग निवडले. एअर डेक्कनच्या सेवेत अनुदान भाड्याला मिळाले, पण मुंबईतील वेळेची हमी मिळाली नाही, हीच ‘उडान’ योजनेची मोठी उणीव ठरली.