काम मागायच्या आधी मालकाची अडचण ओळखा

गिरणीच्या किंवा कारखान्याच्या गेटवर गेल्यावर आपल्यातल्या बऱ्याच जणी एकच वाक्य बोलतात, "काही काम असेल तर द्या." अशा मागणीला मालक "नंतर या" म्हणतो, नाहीतर त्याला वाटेल तेवढी मजुरी सांगतो. म्हणून आज आम्ही बोलणार आहोत ते गेटवर जाण्याआधीच्या तयारीबद्दल. मालकाचं काम कुठं अडतं, ते आधी माहीत करून घ्यायचं.

लातूर-उदगीरकडची डाळ मिल घ्या. तूर आधी चाळतात, मग तेल-पाणी लावून वाळवतात आणि नंतर भरडतात. शंभर किलो तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते, बाकी टरफल आणि चुनी. डाळ जास्त फुटली, तिच्यात खडा राहिला किंवा रंग उतरला, तर भाव पडतो. वाळवण उन्हावर असेल तर अवकाळी पावसाचं भ्यावही असतंच.

आता हंगाम बघा. जानेवारीपासून मोंढ्यात नव्या तुरीची आवक वाढते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडं हरभऱ्याची काढणी येते आणि बाया शेतात जातात. म्हणजे मिलला माणसं हवी असतात नेमकी तेव्हाच ती मिळत नाहीत. एकटी बाई यावर काय करणार? पण आपल्या गटात दहा-बारा जणी असतात. पाळी लावली, तर रोज सहा जणी नक्की येतील असं आपण सांगू शकतो. गटाची खरी ताकद इथं आहे.

ही माहिती काढायला पैसे लागत नाहीत. तिथं आधीपासून काम करणाऱ्या बायांना विचारा. हमालाला, टेम्पोवाल्याला, गेटजवळच्या चहावाल्याला विचारा. काम कोणत्या महिन्यात जास्त असतं? माणसं का सोडून जातात? मजुरी वेळेवर मिळते का? माल परत येतो का? दुकानातलं त्यांचं पाकीट हातात घेऊन डाळही बघा. मात्र एकाच्या सांगण्यावर जाऊ नका, दोन-तीन ठिकाणी खात्री करा. आणि कळलेलं गावभर सांगत फिरू नका.

मग बोलायचं कसं? "तुमच्याकडं अशी अडचण आहे" म्हणून मालकाच्या चुका काढायच्या नाहीत. आपण काय करू शकतो, ते सांगायचं: "शेठ, आम्ही बचत गटाच्या बाया. काढणीच्या दिवसांत निवडायला माणसं कमी पडतात असं ऐकलं. आम्ही रोज सहा जणी येऊ. एखादीला अडचण आली तर बदली आम्हीच पाठवू. आठ दिवस काम बघा, पण त्या दिवसांची मजुरी आधी ठरवू."

शिकलेल्या लेकींनाही हे लागू आहे. नांदेडला हजूर साहिबच्या दर्शनाला वर्षभर भाविक येतात. होला मोहल्ला आणि दसऱ्याला गर्दी फार. अशा दिवसांत लॉजवर फोन कोण घेतं, खोल्यांची नोंद कोण ठेवतं, ते बारावी झालेल्या मुलीनं आधी बघून यावं. "मी बारावी पास आहे" एवढंच सांगण्यापेक्षा "मला हिंदी बोलता येतं, बुकिंगची नोंद मोबाईलवर आणि वहीत दोन्हीकडं ठेवीन" असं सांगितलं, तर आपला काय उपयोग होईल ते मालकाला लगेच कळतं.

एक गोष्ट मात्र पक्की धरा. मालकाची अडचण समजून घ्यायची, पण तिचा भार आपल्या मजुरीवर घ्यायचा नाही. समान कामाला बाई-माणसाला समान मजुरी, हा कायदा देशात १९७६ साली झाला. १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं बायांच्या लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती हवी, हा २०१३ चा कायदा आहे. मजुरी, वेळ, संडास आणि संध्याकाळी परत यायची सोय, हे चारही आधीच विचारा. उत्तर देताना टाळाटाळ झाली, तर ती जागा आपली नव्हे.

येत्या बैठकीत एवढं करा. जवळची एकच मिल, मेस किंवा दुकान निवडा. दोघी-दोघींनी जाऊन माहिती काढा आणि गटाच्या वहीत लिहा. गेटवर त्यानंतरच जा.