चिरनेरचा पाऊस आणि मे महिन्यातली विहीर

जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि शिवडीहून निघालेला माणूस थेट उरण तालुक्यातल्या चिर्ल्याला उतरू लागला. तिथून चिरनेर अगदी जवळ. पनवेलच्या शेजारचा हा डोंगरपायथा मुंबईकराच्या सुट्टीच्या शेतीला एकदम सोयीचा झाला. अशा जागांची चर्चा निघाली की एक वाक्य हटकून कानावर येतं: ‘इथं पाऊस एवढा पडतो, पाण्याची काय काळजी? फार तर एक बोअर मारू.’ जागा बहुतेक वेळा जुलै-ऑगस्टमध्ये पाहिली जाते. ओहळ भरून वाहत असतात, विहिरीचं पाणी हाताने काढता येईल इतकं वर असतं. त्या वेळी वाक्य खरं वाटतं. पण ते साफ चूक आहे आणि त्यापायी दरवर्षी शेकडो रोपं मे महिन्यात वाळतात, म्हणून त्याचा हिशेब एकदा नीट मांडायला हवा.

या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटर पाऊस धरला, तरी एका गुंठ्यावर सुमारे अडीच लाख लिटर आणि एकरावर एक कोटी लिटर पाणी पडतं. आकडा प्रचंड आहे, पण विहिरीला पाणी किती लागणार हे त्यावर ठरत नाही. ते जमिनीखालचा खडक किती पाणी धरतो यावर ठरतं. इथला खडक काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. वाळूच्या थरासारखी त्याच्या कणाकणांत पोकळी नसते. पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या मुरमाच्या थरात आणि खालच्या फटींत. भूजलाचा अंदाज बांधण्यासाठी देशभर जी अधिकृत पद्धत वापरतात, तिच्यात अशा कुजलेल्या बेसाल्टमधून प्रत्यक्ष हाती येणारं पाणी एक ते तीन टक्केच धरलेलं आहे. दोन टक्के धरून पाहा. दहा मीटर जाडीचा थर काठोकाठ भरला, तरी त्यात पाणी मावतं वीस सेंटिमीटर, म्हणजे दोनशे मिलिमीटर. वरून अडीच हजार पडतात आणि खाली जागा असते दोनशेला. पावसाळ्याच्या पहिल्या टप्प्यातच ती जागा भरते. त्यानंतरचा पाऊस कितीही कोसळला तरी त्याला आत शिरायला वाव नसतो, तो उतारावरून ओहळात आणि ओहळातून खाडीत जातो. पाऊस दुप्पट झाला तर खाडीत जाणारं पाणी वाढेल, मे महिन्यातलं विहिरीचं पाणी वाढणार नाही. शिवाय साठलेलं ते दोनशे मिलिमीटरही जागेवर थांबत नाही. जमीन उताराची असल्याने पाणी आतल्या आत झिरपत ओहळाला मिळतं. दिवाळीनंतरही काही आठवडे वाहणारे ओहळ याच पाण्यावर चालतात, आणि ते आटले की जमिनीतला साठाही संपत आला असं समजावं.

पुरावा हवा असेल तर लांब जायला नको. उरणला पाणी पुरवणारं एमआयडीसीचं रानसई धरण याच डोंगरांत आहे. पावसाळ्यात ते भरून वाहतं आणि उन्हाळ्यात उरणच्या गावांना पाणीकपात सोसावी लागते, अशा बातम्या वर्षानुवर्षं येत आल्या आहेत. धरणाची ही गत, तर एकरभराच्या तुकड्याने वेगळं वागावं अशी अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? इथल्या शेतकऱ्याने तर पीकपद्धतीच या वास्तवावर बेतली आहे. खरिपात भात घ्यायचं, कापणी होताच त्याच खाचरात मातीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर वाल पेरायचा, आणि त्यानंतर बहुतेक जमीन पहिल्या पावसापर्यंत मोकळी ठेवायची. यात आळस नाही, पाण्याचा अचूक अंदाज आहे. थंडीत पोपटी भाजायला मडक्यात भरल्या जाणाऱ्या याच वालाच्या शेंगा एकही सिंचन न देता येतात, हे लॉन लावणाऱ्याने जरूर लक्षात घ्यावं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: शेजाऱ्याच्या बोअरला बारमाही पाणी आहे. असेलही. त्याची बोअर एखाद्या मोठ्या फटीत उतरली असेल, पण पन्नास फुटांवर तीच फट तुम्हाला लागेल याची खात्री नाही. आणि लागलीच, तर दोघेही एकाच साठ्यातून उपसणार. मग आणखी खोल जाऊ, हा दुसरा आक्षेप. खोल गेलं की फटी कमी होत जातात, कारण वरच्या वजनाने त्या मिटतात. शिवाय 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातलेले आहेत. खाडीजवळच्या जमिनीत अति उपशाने खारं पाणी आत ओढलं जातं, आणि एकदा खारी झालेली बोअर गोडी व्हायला फार काळ लागतो. तिसरा आक्षेप पाणाड्याचा. हातातला नारळ उभा राहिला की खाली पाणी आहे, असं सुशिक्षितही मानतात, म्हणून दाखला देतो. 1987-88 मध्ये जर्मनीत म्युनिकजवळ पाणाड्यांची मोठी नियंत्रित चाचणी झाली. पाचशेजणांतून निवडलेल्या त्रेचाळीस जणांना त्यात उतरवलं होतं. त्यांच्या निकालांचं संशोधक जिम एनराइट यांनी पुन्हा विश्लेषण केलं, तेव्हा ते निव्वळ योगायोगापेक्षा वेगळे ठरले नाहीत.

मग काय करायचं? पाणी पडतं तेव्हा जमिनीवरच साठवायचं आणि गरज साठ्याला जुळवायची. पंधरा मीटर लांब-रुंद आणि तीन मीटर खोल, उतरत्या बाजूंचं शेततळं सव्वादोन गुंठे जागा घेतं आणि त्यात साडेचार लाख लिटरच्या जवळपास पाणी मावतं. मुरमात ते टिकणार नाही, त्यामुळे प्लास्टिकचं अस्तर हवंच. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तर चार महिन्यांत लाख-सव्वा लाख लिटर उडून जातं. उरलेल्या तीन लाखांत फेब्रुवारी ते मे दिवसाला अडीच हजार लिटर मिळतात. आता खर्चाची बाजू पाहा. मोठ्या माडाला उन्हाळ्यात रोज चाळीस लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे पंचवीस माडांचे हजार लिटर झाले. एक गुंठा लॉन रोज पाचशे लिटर पितं आणि बदल्यात काहीच देत नाही. झाडांच्या बुंध्याशी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन आणि पावसानंतर ओहळ बारीक झाला की गावाला सोबत घेऊन घातलेला वनराई बंधारा, ही कामं कमी खर्चाची आहेत. त्यांची वेळ मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरचीच. मार्चमध्ये बंधारा घालून अडवायला पाणीच उरत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. आंब्याच्या मोठ्या कलमांना थंडीत भरपूर पाणी दिलं की मोहोर जास्त येतो, हे उलटं आहे. मोहोरापूर्वी पाण्याचा ताण बसावा लागतो. गावठी कोंबड्यांना लस लागत नाही, हेही चूक; मानमोडीचा रोग गावठी-विलायती पाहत नाही. गवत जाळलं की साप जातात म्हणतात, पण जळतं ते आच्छादन, आणि आग बहुतेक वेळा शेजारच्या रानात शिरते. याच चिरनेरच्या आक्कादेवीच्या रानात 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगलावरच्या हक्कासाठी लोकांनी गोळ्या झेलल्या. ते रान निष्काळजीपणाने पेटवणं अक्षम्य आहे. चिखलणी आणि लावणी केल्याशिवाय भात होत नाही, हा समज नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राइस तंत्राने खोडून काढला आहे. त्यात कायमच्या गादीवाफ्यांवर नांगरणीशिवाय भात टोकतात.

जमीन घेण्याचा विचार असेल तर एवढं करा: जुलैमध्ये पाहिलेल्या जागेचा व्यवहार मे महिन्यापर्यंत थांबवा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा जा, शेजारच्या दोन-तीन विहिरींत डोकावून पाणी किती खाली गेलंय ते मोजा, आणि तिथे बारा महिने राहणाऱ्या माणसांना विचारा की टँकर कधी सुरू होतो. त्यानंतरच इसार द्या.