हिरवा ठिपका

भाचीने कॅमेरा मागितला म्हणून कपाटावरचा डबा खाली काढला. डाळी भरून ठेवायचा हवाबंद झाकणाचा डबा. आत निकॉनची डी ३१०० बॉडी, तीन लेन्स, एक धातूची रिंग, सिलिका जेलच्या पुरचुंड्या आणि आर्द्रता दाखवणारं एक छोटं घड्याळ. तिने एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली आणि विचारलं, "मामा, हे सगळं तू नक्की कशाकशाला वापरलंस?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं, पण ते खरं आहे का हे एकदा पाहावंसं वाटलं. दोन रात्री जुनी हार्ड डिस्क उघडून बसलो. डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये सगळी नोंद असते. कुठली लेन्स होती, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र, किती होतं, शटर किती वेळ उघडं राहिलं, तारीख काय, वेळ काय. माणसाच्या आठवणी जागा बदलतात, या नोंदी बदलत नाहीत. २०११च्या दसऱ्यापासून २०१९पर्यंतचं सगळं त्यात होतं.

त्याआधी घरात बाबांचा ॲग्फा क्लिक थ्री होता. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. ते बारा फोटो आमच्याकडे गणपतीला सुरू होऊन होळीपर्यंत पुरवले जायचे, त्यामुळे फोटो काढणं म्हणजे सगळ्यांनी कपडे बदलून ओळीत उभं राहणं, एवढंच मला ठाऊक होतं. नोकरी लागल्यावर पैसे साठवले आणि मुंबईला फोर्टात जाऊन बोरा बाजारात दोन दिवस दुकानं पालथी घातली. बॉडी आणि सोबत येणारी १८-५५ची किट लेन्स. १४ मेगापिक्सेल हा आकडा तेव्हा फार मोठा वाटला होता. पहिल्या महिन्याच्या फोल्डरमध्ये फुलदाणी आहे, मनीप्लांट आहे, शेजारच्यांचा कुत्रा आहे, आणि एकाच खिडकीचे इतके फोटो आहेत की मला आज त्या खिडकीचे गज मोजून सांगता येतील. सगळं 'ऑटो'वर. तरी त्या फोटोंवर मी आज रागावत नाही. बोटांना बटणं कुठे आहेत हे तिथेच कळलं.

किट लेन्सची अडचण पुढच्या लग्नसराईत कळली. मामेबहिणीची हळद तळघरातल्या हॉलमध्ये होती, पिवळट ट्यूबलाइट, वर पंखे. किट लेन्स ५५ मिलिमीटरला नेली की तिचं ॲपर्चर ५.६च्या पुढे उघडत नाही. त्या संध्याकाळच्या फाइलींमध्ये शटरचा वेळ सेकंदाचा आठवा भाग दिसतो. तेवढ्या वेळात माणूस हसतो, वळतो, हात उचलतो. सगळ्यांचे चेहरे पुसल्यासारखे आले होते. आयएसओ ३२०० केलं तर सावल्यांमध्ये रवा सांडल्यासारखे दाणे. बहिणीने अल्बम मागितला तेव्हा द्यायला चार फोटो होते.

मग फिफ्टी घ्यायची ठरली. ५० मिलिमीटर, ॲपर्चर १.८. ५.६पेक्षा जवळपास दहापट प्रकाश आत येतो, म्हणजे जिथे एक अष्टमांश सेकंद लागत होता तिथे सेकंदाचा ऐंशीवा भाग पुरतो. हिशेब मी वहीत मांडून ठेवला होता. दुकानदाराने जुन्या घडणीची 'डी' मालिकेतली लेन्स काढून दिली. सगळ्या निकॉनला चालते म्हणाला, स्वस्त पडली, मी घेतली.

घरी येऊन बसवली तर पडद्यावर तीन अक्षरं लुकलुकायला लागली, एफ-ई-ई. शटर दाबलं जाईना. रात्रभर मॅन्युअल वाचल्यावर कळलं की या लेन्सवर ॲपर्चरचं स्वतःचं कडं असतं, ते फिरवून २२ या सगळ्यात मोठ्या आकड्यावर आणायचं आणि शेजारची छोटी कळ सरकवून तिथेच अडकवून ठेवायचं. ते केलं आणि अक्षरं गेली. पण फोकस होईना. त्याचं कारण कळायला आणखी दोन दिवस गेले. या लेन्समध्ये मोटर नसते. बॉडीतली मोटर पेचकसासारखा एक दांडा फिरवून लेन्स सरकवते. आणि डी ३१०० हलकी व स्वस्त ठेवायची म्हणून तिच्यात ती मोटर घातलेलीच नाही. स्वतःची मोटर असलेल्या 'एएफ-एस' लेन्सच तिला आपोआप फोकस करून देतात. दुकानदार लेन्स परत घ्यायला तयार नव्हता. त्या आठवड्यात मला फार वाईट वाटलं, कारण ते पैसे पुन्हा साठवायला सहा महिने लागणार होते.

राहिला तो हिरवा ठिपका. हाताने फोकसचं कडं फिरवत गेलं की व्ह्यूफाइंडरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक ठिपका लागतो. जिथे फोकसचा बिंदू ठेवलाय ती जागा स्पष्ट झाली, एवढंच तो सांगतो. आपण किंवा समोरचा जरासा हलला की विझतो.

२०१२च्या मे महिन्यातलं एक फोल्डर मी या दोन रात्रींत सगळ्यात जास्त वेळ पाहिलं. आजी मधल्या दारात बसून तांदूळ निवडतेय. उजेड डावीकडून, अंगणातून येतोय. एका पाठोपाठ एक तेवीस फाइली आहेत. पहिलीत चष्म्याची काडी स्पष्ट आहे आणि डोळे धूसर. दुसरीत कानातली कुडी. तिसरीत तर मागचं कॅलेंडर. १.८ला दोन फुटांवरून जेमतेम एक सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट मिळतो, त्याच्या पुढचं-मागचं सगळं विरघळतं, आणि आजी तर सुपावर वाकून सारखी पुढे-मागे होतेय. सातव्या-आठव्या फाइलीपासून नोंद बदलते, ॲपर्चर २.८ दिसतं. मी थोडा पट्टा वाढवून घेतला असणार. अकरावीत तिचा अंगठा आणि त्याला चिकटलेला एक खडा अगदी स्वच्छ आलाय. एकोणिसावीत तिने मान वर केली आहे. दोन्ही डोळे, कपाळावरचं गोंदण, ओठांच्या कडेच्या बारीक रेषा, सगळं जागच्या जागी आहे. पुढच्या वर्षी ती गेली. भिंतीवर तोच फोटो लावलाय. आधीच्या अठरा फाइली मी तेव्हा पुसल्या नाहीत याचं आज मला फार बरं वाटतं. माझा हात कसा शिकत गेला ते त्यांतच दिसतं, आणि त्यातल्या प्रत्येकीत आजी आहे.

२०१२च्याच जानेवारीत वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला गेल्या. तेव्हा त्यांच्याबद्दल बरंच वाचायला मिळालं, आणि त्या रोलिफ्लेक्सवर काम करत हे कळलं. रोलिफ्लेक्सला लेन्स बदलायची सोयच नाही, एका रोलवर फोटो बाराच. बाबांच्या क्लिक थ्रीइतकेच! घडणाऱ्या घटनेसमोर उभं राहून, पुन्हा मिळणार नाही असा क्षण त्या बारांत टिपायचा. मला त्यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटली. वर्षभर किट लेन्स कपाटात ठेवली आणि फक्त फिफ्टी लावून फिरलो.

दिवे घाटात ज्ञानेश्वर माउलींची पालखी चढते त्या दिवशी याचा कस लागला. गर्दीत हिरव्या ठिपक्याची वाट पाहत बसलं तर माणूस पुढे निघून जातो. एका म्हाताऱ्या वृत्तपत्र छायाचित्रकाराला घाटाच्या कडेला पाहिलं. ते फोकसला हातच लावत नव्हते. विचारल्यावर त्यांनी माझी लेन्स हातात घेतली, वरच्या अंतराच्या पट्टीवर तीन मीटर लावलं, ॲपर्चर आठ केलं आणि म्हणाले, "आता याला विसरा. माणूस नऊ-दहा फुटांवर आला की दाबा." हिशेब असा आहे की आठला, तीन मीटरवर लावलेली ही लेन्स साधारण अडीच मीटरपासून साडेतीन मीटरच्या पुढेपर्यंत सगळं स्वच्छ पकडते. बाकी काम पायांचं. डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, ओले झालेले टाळ, चिखलात माखलेल्या टाचा. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड. मोठ्या मैदानाचा, अख्ख्या दिंडीचा एकही चांगला फोटो त्या फोल्डरमध्ये नाही, कारण या बॉडीच्या लहान सेन्सरवर फिफ्टी ७५सारखी वागते आणि गर्दीत मागे सरकायला जागा नसते. चेहरे आणि हात मात्र भरपूर आहेत. मला वारी तशीच आठवते.

धातूची रिंग ही पाचशे रुपयांच्या आतली वस्तू. तिने लेन्स उलटी बसवता येते, मागची बाजू पुढे करून. उलटी फिफ्टी वस्तूला सेन्सरवर जवळपास तिच्या खऱ्या आकाराएवढं उमटवते. सेन्सर सुमारे २३ मिलिमीटर रुंद, म्हणजे रुपयाचं नाणं चौकटीच्या रुंदीत मावतं. उलटी लेन्स लावली की बॉडीला तिची काही खबर नसते, उजेड किती हेसुद्धा ती सांगत नाही. सगळं अंदाजाने लावायचं, फोटो पाहायचा, पुन्हा लावायचं. आणि इथे त्या जुन्या घडणीने माझी बाजू घेतली. नव्या लेन्सना ॲपर्चरचं कडं नसतं, त्यामुळे उलट्या बसवल्या की त्यांचं ॲपर्चर मिटून जातं आणि समोर अंधार होतो. माझ्या लेन्सचं कडं मी हाताने हवं तिथे ठेवू शकत होतो.

२०१४च्या जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, टेकडीवर मृगाचा किडा दिसला. लहानपणी आम्ही ते मखमली लाल किडे तळहातावर घेऊन फिरायचो. या वेळी पोटावर पडून लेन्स त्याच्यापासून दोन इंचांवर नेली. इतक्या जवळून ॲपर्चर आठलाही एक मिलिमीटरभर पट्टा स्पष्ट मिळत नाही. फोकस फिरवून उपयोग नसतो, श्वास धरून आपणच केसभर पुढे-मागे व्हायचं. चाळीस-पन्नास फोटोंत एक लागला. संगणकावर मोठा करून पाहिला तेव्हा पाय मोजले, आठ! ज्याला आम्ही आयुष्यभर किडा म्हणत आलो तो कोळ्याच्या वर्गातला होता. मखमल म्हणजे दाट केस होते, आणि एका केसाच्या टोकावर मातीचा कण बसला होता.

तिसरी लेन्स ५५-३००. हप्त्याने घेतली, भिगवणसाठी. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित येतात, मच्छीमार होडीतून नेतात. पहिल्या खेपेला आम्ही नाश्ता करून निघालो, पाण्यावर पोचेतो अकरा वाजले होते. शटर सेकंदाचा हजारावा भाग, होडी स्थिर, फोकस बरोबर, तरी पक्ष्यांच्या कडा थरथरलेल्या. दोष तापलेल्या हवेचा होता, ती लेन्स आणि पक्ष्याच्या मध्ये हलत होती. पुढच्या खेपांना सूर्योदयालाच पाण्यावर असायचो आणि तेव्हाचे फोटो सुरेख आहेत. पण नोंदी पाहिल्या तर ही लेन्स सहा वर्षांत मोजून सात दिवस बाहेर पडलेली. उरलेला काळ ती कपाटात, गादीदार बॅगेत. २०१६च्या गणपतीत काढली तेव्हा आतल्या काचेवर पांढऱ्या धाग्यांचं जाळं. बुरशी. अंधार, दमट हवा आणि कापडी बॅग, पुण्यातल्या पावसाळ्यात एवढं तिला पुरतं. दुरुस्तीवाल्यांनी उघडून पुसून दिली, पण काचेच्या लेपावर नक्षी राहिली ती राहिलीच.

तेव्हापासून हा डाळीचा डबा. आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांत ठेवायची. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करायचे, त्यासाठी तवा वेगळा ठेवायचा, स्वयंपाकाचा मुळीच नाही. ट्रायपॉड होता, सिंहगडावरच्या वाऱ्यात तो पिशवी लटकवूनही थरथरायचा, तो देऊन टाकला. लेन्सच्या रक्षणासाठी घेतलेला स्वस्त यूव्ही फिल्टर दिवाळीत काढून ठेवला, प्रत्येक पणतीचं उलटं भूत फोटोत येत होतं.

हे सगळं भाचीला सांगितलं. तिने ५५-३०० उजेडात धरून आतली नक्षी पाहिली आणि परत डब्यात ठेवली. मग फिफ्टी उचलून बॉडीवर बसवली. एफ-ई-ई लुकलुकायला लागलं. मी काही बोललो नाही. तिने लेन्स फिरवून फिरवून पाहिली, कड्यावरच्या आकड्यांवर बोट फिरवलं, शेवटचा बावीस नारंगी रंगात आहे हे तिच्या लक्षात आलं, तिथे आणलं, आणि कळ सरकवली.

कॅमेरा माझ्याकडे वळला.

"मामा, हलू नकोस ना. हिरवा ठिपका येतोय आणि जातोय."

"मी नाही हलत," मी म्हणालो. "श्वास अर्धा सोड, आणि थांब."