तंबूत म्हातारी झालेली माणसं

युद्धावरचं पुस्तक हाती आलं की मी आधी त्यात धान्याचा भाव शोधतो. ही सवय मला गोडसे भटजींनी लावली. वरसईचा हा गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि सत्तावन्नच्या वणव्यात सापडला. झाशीच्या राणीचं शौर्य तो सांगतोच. पण वेढा पडलेल्या शहरात तहान कशी लागते, लपायला जागा कशी शोधावी लागते, हेही सांगतो. ‘माझा प्रवास’ वाचल्यावर मला नुसत्या सेनापतींच्या लढाया अपुऱ्या वाटू लागल्या. आणि मग प्रश्न पडला, की आमच्या शहराचा गोडसे भटजी कोण?

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, राहणाऱ्याला हा प्रश्न पडायलाच हवा. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण नकळत मुघल फौजेची हजेरी घेत असतो. कर्णपुरा बिकानेरच्या राव कर्णाचा, पदमपुरा त्याच्या मुलाचा, भावसिंगपुरा बुंदीच्या भावसिंह हाडाचा, जयसिंगपुरा मिर्झाराजे जयसिंगांचा, पहाडसिंगपुरा बुंदेल्यांचा. सरदारांची नावं साडेतीनशे वर्षं टिकली. त्यांच्यामागे चालणाऱ्या कारकुनांची, भिश्त्यांची, बाजारबुणग्यांची नावं कुठे गेली?

त्यांतलं एक नाव वाचलं आहे. भीमसेन सक्सेना. मुघल-मराठा संघर्ष वाचणाऱ्यांना त्याचा ‘तारीख-ए-दिलकुशा’ हा फारसी ग्रंथ ठाऊक असतो, पण बहुतेकदा तळटीपेपुरता. माणूस म्हणून त्याच्याकडे कुणी फारसं पाहत नाही. मी गेली कित्येक वर्षं पाहतो आहे.

जन्म १६४९ चा, बुऱ्हाणपूरच्या कायस्थ घरात. वडील रघुनंदनदास तोफखान्याच्या हिशेबावर. मूल आठ-नऊ वर्षांचं असताना वडिलांकडे औरंगाबादेला आलं. बीबीचा मकबरा तेव्हा उभा राहत होता. आपल्या लहानपणीची स्वस्ताई सांगताना तो लिहितो, की गहू आणि डाळ रुपयाला अडीच मण, ज्वारी-बाजरी साडेतीन मण. पुढे आयुष्यभर युद्ध पाहिलेल्या माणसाने बालपण आठवताना आधी धान्याचा भाव आठवावा, इथेच मी त्याच्या प्रेमात पडलो.

१६६६ च्या वसंतात शिवाजी महाराज आग्र्याला जाताना या शहरातून गेले. सुभेदार सफशिकनखानाने स्वतः सामोरं न जाता पुतण्याला पाठवलं, महाराज संतापून थेट मिर्झाराजांच्या वाड्यावर गेले आणि शेवटी खानालाच भेटीला यावं लागलं, ही हकीकत आपल्याला पाठ आहे. ती पोचली भीमसेनमुळे. मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. महाराजांचा लवाजमा पाहायला शहर लोटलं होतं. सुभेदार दरबारात बसून राहिला, पण गाव रस्त्यावर आलं. भीमसेन तेव्हा सतरा वर्षांचा होता, आणि गावाची ही उत्सुकता त्याने नोंदवून ठेवली.

१६७० मध्ये त्याला दाऊदखान कुरेशीच्या फौजेत नोकरी लागली. काम घोड्यांचे डाग आणि स्वारांची हजेरी तपासण्याचं. त्याच ऑक्टोबरात, सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर, वणी-दिंडोरीची लढाई झाली. आपल्या पुस्तकांत ती मराठ्यांच्या विजयाने संपते. भीमसेनकडे ती संपत नाही. त्या रात्री उरलेली मुघल फौज उघड्या आभाळाखाली होती. खंदक खणायचे होते, मेलेल्यांना पुरायचं होतं, जखमींना पाहायचं होतं. आदल्या दिवशी ज्यांची हजेरी घेतली, त्यांतलेच काही आता मोजणीबाहेर गेले होते. हजेरीनवीसाने लढाई लिहिली की ती अशी दिसते.

पुढचं पान याहून अस्वस्थ करणारं आहे. १६७१ चा पावसाळा मुघल सेनापती महाबतखानाने पारनेरला छावणी टाकून काढला. सरदारांकडे रोज आळीपाळीने मेजवान्या. छावणीत काबूल-पंजाबकडच्या चारशे नर्तकी. आणि त्याच छावणीत अतिवृष्टी अन् साथीने माणसं, जनावरं पटापट मरत होती. भीमसेन या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवतो. आरडाओरडा करत नाही. शेजारी ठेवणं पुरतं.

मधला काळ भराभर सांगतो. १६८२ मध्ये बादशहा औरंगजेब औरंगाबादेत आला, मराठ्यांच्या धास्तीने शहराला कोट घातला गेला आणि पंचवीस वर्षं चालणारी मोहीम सुरू झाली. भीमसेन दतियाच्या दलपतराव बुंदेल्याच्या पदरी गेला आणि त्याच्याबरोबर पार जिंजीपर्यंत पोचला. तिथल्या किल्ल्याला पडलेला मुघलांचा वेढा आठ वर्षं रेंगाळला. संताजी-धनाजींनी रसद तोडल्यावर मुघल छावणीची उपासमार झाली, तीही त्याने लिहिली आहे. आणि एक स्पष्ट मतही नोंदवलं आहे. मुघल सेनापती झुल्फिकारखानाने मनात आणलं असतं तर किल्ला पोचल्या दिवशीच पडला असता, पण मोहीम लांबवण्यातच सेनापतींचं भलं असतं. पगार अडकलेला कारकूनच असं लिहू शकतो.

त्याच्या साऱ्या ग्रंथात मला हलवून टाकणारं निरीक्षण मात्र तंबूचं आहे. इतकी वर्षं फौज घराबाहेर राहिली, की तिथे जन्मलेली मुलं तरुण झाली, म्हातारी झाली, तरी त्यांनी घर म्हणून पाहिलं नाही. जगात निवारा म्हणजे तंबू, एवढंच त्यांना ठाऊक. त्यात अतिशयोक्ती असेल. पण पंचवीस वर्षांच्या युद्धाचा इतका नेमका हिशेब मला दुसऱ्या कुठल्याही इतिहासात सापडलेला नाही. जून १७०७ मध्ये जाजऊच्या रणात दलपतराव पडला. भीमसेनने त्यानंतर आपला ग्रंथ पुरा केला.

मग घडला अन्याय. १७९४ मध्ये जोनाथन स्कॉट या कंपनीच्या अधिकाऱ्याने दख्खनचा इतिहास छापला. वॉरन हेस्टिंग्जचा तो फारसी चिटणीस होता. त्या ग्रंथात त्याने भीमसेनचा मजकूर संक्षेपाने घातला, पण एका ‘बुंदेल्या अधिकाऱ्याची’ रोजनिशी म्हणून. म्हणजे धन्याची जात चाकराला लागली आणि कारकुनाची लेखणी सरदाराच्या हाती गेली. औरंगाबादेत वाढलेला कायस्थ हिशेबनीस इंग्रजी वाचकापुढे बुंदेला योद्धा होऊन उभा राहिला. हे निष्काळजीपणाने झालं असेल, तरी मला ते लक्षणीय वाटतं. युद्धाची हकीकत शस्त्र धरणाराच सांगणार, हे वाचणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं.

इतिहासकार यदुनाथ सरकारांनी ही चूक उघड केली आणि भीमसेनला पुन्हा स्वतःच्या नावावर उभं केलं. त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद महाराष्ट्राच्या पुराभिलेख विभागाने त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी सेतुमाधवराव पगडींनी भीमसेन मराठीत आणला होता. निलंग्यात जन्मलेले, निजामी राज्यात अधिकारी राहिलेले पगडी फारसीत सहज वावरत. मराठवाड्याच्या माणसाने मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला घरी आणावं, याचं मला फार समाधान आहे.

गोडसे भटजींचंही थोडंफार असंच झालं. १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी त्यांचं पुस्तक छापलं ते बरंच बदलून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये दिला. दलपतरावाचं दतिया झाशीहून जेमतेम तीस किलोमीटरवर. दोघांच्याही आयुष्यात बुंदेलखंड आला, दोघेही पोटासाठी चालत राहिले आणि दोघांचीही कहाणी दुसऱ्याच्या हाती जाऊन बदलली.

कादंबरीकारांबद्दल माझी तक्रार आहे, ती सांगतो. ना. सं. इनामदारांची ‘शहेनशहा’ मी तीनदा वाचली, शिवाजी सावंतांची ‘छावा’ही. दोन्हींत बादशहा आणि युवराज यांच्या मनाचा तळ लागतो. हजेरीनवीसाच्या मनात मात्र कुणी उतरत नाही. साहित्य नाही म्हणून उतरता येत नाही, असं म्हणायची सोय भीमसेनने ठेवलेली नाही. भाव आहेत, पाऊस आहे, थकलेला पगार आहे, मेलेले बैल आहेत. नायकाची उणीव वाटते, एवढंच.

पण भीमसेनलाही मी सूट देणार नाही. तो लिहिता-वाचता, ओळखी असलेला माणूस; त्याचा चुलता दख्खनच्या दिवाणगिरीपर्यंत पोचलेला. पारनेरच्या त्या चारशे बायका त्याच्याकडे फक्त आकडा आहेत. स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या शेकडो सोव्हिएत स्त्रियांना गाठून त्यांचं म्हणणं ऐकलं आणि १९८५ मध्ये पुस्तक केलं. सतराव्या शतकात पारनेरला जाऊन कुणी विचारलं नाही: काबूलहून इथवर चालत आलात, या पावसात तुमच्यातल्या किती गेल्या, ज्वारी काय भावाने घेतलीत?

गोडसे भटजींना पोतदार भेटले, भीमसेनला सरकार आणि पगडी. या बायकांचं हस्तलिखित कुठल्याही दप्तरात निघणार नाही. तिथे इतिहासकाराचं काम थांबतं. कुणी मराठी कादंबरीकार हे वाचत असेल तर त्याने पारनेरपासून सुरुवात करावी. पाऊस थांबत नाहीये, पलीकडच्या डेऱ्यात सारंगी लागली आहे, आणि एका बाईला निरोप आलाय, की आजारी मैत्रिणीला सोडून नाचायला उभी राहा.